हिरा ऊर्फ चिमणाबाई

वर्षाराणी चौगुले कोल्हापुरात आरोग्य विभागाच्या एका कार्यालयात कंत्राटी ऑपरेटर आहे. रोज गडमुडशिंगीहून मोपेडवर येते. वेगवेगळ्या दवाखान्यांच्या संगणकांत एकाच पेशंटच्या दोन-तीन नोंदी असतात; त्या शोधून एकत्र जोडायच्या, हे तिचं काम. बहुतेक जोड्या संगणकच लावतो. तो जिथं अडतो, तिथं वर्षाराणी बघते.

अडायला कारणं भरपूर. म्हाताऱ्या माणसांतली निम्मी कागदोपत्री एक जूनलाच जन्मलेली. त्यात घरात मोबाईल एक आणि तोच नंबर पाच जणांच्या नावापुढं.

एका मंगळवारी अशाच दोन नोंदी पुढं आल्या. हिराबाई पोवार, मलकापूरच्या दवाखान्यातली तीन वर्षांपूर्वीची नोंद, खाली शेरा : अमुक इंजेक्शनची तीव्र ॲलर्जी. दुसरी चिमणाबाई मगदूम, इचलकरंजी. तिचं गुरुवारी कोल्हापुरात गुडघ्याचं ऑपरेशन. दोघींची जन्मतारीख एक जून, सालही तेच, मोबाईल नंबरही तोच. संगणकाचा निकाल मात्र : वेगळ्या व्यक्ती.

"नणंद-भावजय असतील," साहेब यज्ञेश्वर म्हणाले. "पुढं चला, अजून दीडशे राहिल्यात."

वर्षाराणीला पटेना. तिच्या आईचंही नाव लग्नात बदललेलं. तिनं फोन लावला. मुलानं उचलला आणि म्हातारीकडं दिला.

"हिराबाई बोलताय का?"

पलीकडून मोठ्यानं हसू.

"कोण गं तू? म्हायारची का? पन्नास वर्सांत ह्या नावानं कुणी हाक मारली न्हाय! भाऊबी आक्काच म्हणतोय. लग्नात चिमणा केली की मला."

"मलकापूरच्या दवाखान्यात तुम्हीच होता?"

"व्हय. भावाकडं जत्रंला गेलतो, ताप भरला. त्येनं म्हायारचंच नाव लावलं."

"आणि इंजेक्शन दिल्यावर काय झालं?"

"तोंड भोपळ्यावानी सुजलं. भावजयीच्या मटणानं, दुसरं काय!"

"आजी, ते मटणानं नव्हतं. ऑपरेशनच्या डॉक्टरांना सांगितलंय का?"

"त्येनी इचारलं, औषधाचं काय वावडं हाय का. आता मटणाचं काय सांगू त्यास्नी?"

वर्षाराणीला हसू आलं. पण चिमणाबाईंच्या नोंदीत, ऑपरेशनच्या आधी द्यायच्या इंजेक्शनांत, त्याच इंजेक्शनचं नाव होतं. तिनं लगेच ऑपरेशन होणार होतं त्या दवाखान्यात फोन केला. तिथल्या डॉक्टर अवंतिका यांनी मलकापूरची नोंद मागवून घेतली, आजींना पुन्हा सगळं विचारलं आणि औषध बदललं. गुरुवारी ऑपरेशन नीट पार पडलं.

दीड महिन्यानं चिमणाबाई काठी टेकत कार्यालयात आल्या, डब्यात खरवस घेऊन. यज्ञेश्वर साहेबांनी स्वतःची खुर्ची दिली. बसता बसता त्या म्हणाल्या, "कुठली ती माझी दोन नावं? दाव बघू."

वर्षाराणीनं संगणकाचा पडदा त्यांच्याकडं वळवला. जोडलेल्या नोंदीत वर चिमणाबाई, खाली हिराबाई.

"हिरा वर घे की."

"आधारवरचं नाव वर लागतं, आजी."

"बरं, ऱ्हाऊ दे खाली." त्यांनी डबा तिच्याकडं सरकवला. "वर्षाराणी. झ्याक नाव हाय. सासरच्यांनी बदललं न्हाय न्हवं?"

"विचारलं होतं त्यांनी," वर्षाराणी म्हणाली. "मी नको म्हटलं."

"ब्येस केलंस," आजी म्हणाल्या. मग त्यांनी यज्ञेश्वर साहेबांना चमचे आणायला पाठवलं.