मत मोठ्याने सांगायचं गाव

गोष्ट सांगताना काका समोरच्याच्या टाळूवर बोट टेकवायचे आणि जोरात दाबायचे. "इथे बसला दंडुका. हाड आत गेलं. माणूस संध्याकाळपर्यंत जिवंत!" मेलेला माणूस दोनशे वर्षांपूर्वीचा असायचा, पण डोकं आपलं दुखायचं. अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या आमच्या मराठी मंडळात त्या बोटातून सुटलेलं डोकं क्वचितच सापडेल.

काका निवृत्त सर्जन. अमेरिकेत येण्याआधी इंग्लंडमधल्या एका लहानशा गावात नोकरीला होते. त्या गावातून एकेकाळी पार्लमेंटवर खासदार निवडून जात. पुढे मारामाऱ्या आणि दहशत इतकी वाढली की मतदारसंघच रद्द झाला. त्याचा इतिहास लिहायचं खूळ काकांनी डोक्यात घेतलं होतं. तुमच्याही ओळखीत एखादा असा खुळा असेलच. आमचा जरा रक्तबंबाळ होता, इतकंच.

"मत मोठ्याने सांगायचं, बरं का! मंचावर चढायचं, उमेदवाराचं नाव घ्यायचं. खाली जमीनदाराची माणसं दंडुके घेऊन ऐकतायत." मतदारांना आदल्या दिवशी गुत्त्यात कोंडून पाजायचे, ऐकलं नाही तर बडवायचे. जोडे शिवणाऱ्या एकाने जमीनदाराचा माणूस सोडून दुसऱ्याचं नाव घेतलं. जमावाने त्याला खाली ओढलं आणि त्याच्याच हातोडीने त्याची बोटं ठेचली.

"अहो, तो जेवतोय ना!" माझ्या ताटाकडे बोट दाखवत काकू ओरडायच्या.

"दहाही बोटं रे," काका हळूच म्हणायचे. "चिठ्ठ्यांची पेटी असती तर वाचली असती."

आमच्या मंडळात मतदान हात वर करून. घरचीच माणसं, पेटी कशाला, अशी रीत. यंदा गणेशोत्सवात पार्किंगवरून भांडण झालं आणि अध्यक्षाने एका स्वयंसेवकाचा दात पाडला. काकांनी दिवाळीनंतरच्या सभेत अध्यक्षाला काढायचा ठराव आणला आणि पेटी मागितली.

"काका, ही काय लोकसभा आहे? हँड्स रेज करा यार, फिनिश करू," अध्यक्ष हसला. हॉलमधली निम्मी माणसं त्याच्याच कंपनीत नोकरीला. माझं ग्रीन कार्डही त्याच्या सहीसाठी अडकलेलं.

एकच हात वर गेला, काकांचा. माझा मांडीवर होता.

मग काका मंचावर चढले आणि ओरडले, "हा माणूस नको!" अध्यक्षाने दोन्ही हातांनी त्यांच्या छातीवर धक्का मारला. काका पायऱ्यांवरून खाली कोसळले, डोक्यावरच. फरशीवर झालेला तो आवाज माझ्या कानातून जात नाही. पोलीस आले. "पाय घसरला," सगळ्यांनी सांगितलं. मीही तेच सांगितलं.

हॉस्पिटलात मी त्यांच्या पायाशी बसून रडलो. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती. डोक्याला बँडेज, आवाज पार खोल गेलेला, तरी ते हसले. "अरे वेड्या, तुझं कार्ड मला ठाऊक नव्हतं का? म्हणून तर पेटी मागत होतो."

पाचव्या दिवशी काका गेले.

त्यांचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मी पोलिसांकडे गेलो. मी खोटं बोललो होतो, असं सांगितलं आणि अध्यक्षाचं नाव घेतलं. चौकशी सुरू झाली. त्याच आठवड्यात त्याने मला ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाठलं.

"कार्ड विसर आता," म्हणाला आणि गाडीच्या दारावर माझं डोकं आपटलं.

भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरून समोरचं नीट दिसेना. हॉस्पिटल दोन मिनिटांवर होतं, तरी मी बर्फातून गाडी काढली ती थेट काकांच्या घरी नेली. कुणाला काही लागलं, कापलं की आम्ही सगळे वर्षानुवर्षं तिथेच जात आलो होतो. बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं आणि माझं तोंड बघून तशाच उभ्या राहिल्या.

"काका आहेत ना?" मी विचारलं.