पुढचा शाफ्ट

आप्पांचा फोन आला की हल्ली मी दचकते. आजारपणाच्या भीतीनं नव्हे. ते काहीतरी विचारतील म्हणून. हे सगळं त्या दोन दारांच्या परदेशी गाडीपासून सुरू झालं आणि त्यात माझा हात आहे, म्हणून एकदा सांगून टाकते.

आप्पा म्हणजे माझे वडील. निपाणीत जुन्या हायवेला त्यांचं जीपचं गॅरेज. तंबाखूच्या व्यापाऱ्यांपासून गुऱ्हाळवाल्यांपर्यंत सगळ्यांच्या जीपा त्यांच्या हाताखालून गेल्या. आमच्या भागात एक रीत होती. जीपला चारही चाकांवर चालायची सोय, पण कोरड्या डांबरी रस्त्यावर ती कशाला हवी? मग पुढच्या चाकांना ताकद नेणारा लोखंडी दांडा, म्हणजे पुढचा शाफ्ट, आप्पा खोलून काढायचे. जीप नुसत्या मागच्या चाकांवर पळायची. आवाज कमी, डिझेलही कमी. काढलेला शाफ्ट पोत्यात गुंडाळून भिंतीला उभा करायचा आणि वर खडूनं गावाचं नाव: चिकोडी, उचगाव, थेट नंदगड. शेतातले रस्ते चिखलाचे व्हायच्या आत माणसं आपापला शाफ्ट बसवून घ्यायला यायची. लहानपणी मला वाटायचं, प्रत्येक गावाचा एक शाफ्ट असतोच.

पुढं जीपा गेल्या, भिंत मोकळी झाली. आप्पांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. तरी रोज नऊला शटर वर जायचं. मी बेळगावात एका कारखान्यात गिअरच्या पेट्यांची ड्रॉइंग करते. शनिवारी बसनं निपाणीला जायचे तेव्हा आप्पा स्वच्छ पुसलेले पाने पुन्हा पुसत बसलेले दिसायचे. चार महिने एकही गाडी आत आली नव्हती. "अजून एक गाडी हातनं सुदरली की कळंल, हात जिता हाय का मेला," असं ते चहा पिता पिता म्हणाले होते. मी विषय बदलला होता.

आणि एका शनिवारी ती गाडी आली. मालक बेळगावचा दातांचा डॉक्टर. त्याच्या वडिलांची जीप आप्पांनीच वीस वर्षं जगवलेली. डॉक्टर आणि त्याचे मित्र रविवारी गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर गाड्या फिरवतात, मागची चाकं घसरवून गोल गोल धूळ उडवतात. याची गाडी चारही चाकांनी रस्ता धरणारी, ती घसरायलाच तयार नाही. मित्र हसतात म्हणे.

"आप्पा, नुसत्या मागच्या चाकांवर करून द्या. उद्या सकाळी न्यायची हाय," तो म्हणाला.

आप्पांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. मी उगाच माठातलं पाणी प्यायला गेले.

डॉक्टरनं मोबाईलवरून युक्त्यांची यादीच आणली होती. कुणी लिहिलेल्या, कुणी ऐकलेल्या. गाडी चारही बाजूंनी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, चढवली आणि प्रयोग सुरू झाले. डॅशबोर्डवरचं एक बटण दहा सेकंद दाबून धरायचं: पुढची चाकं फिरतच राहिली. हँडब्रेक एक खटका ओढून ब्रेक दोनदा दाबायचा: फिरतच राहिली. एक फ्यूज उपटायचा: डॅशबोर्डवर सगळे पिवळे दिवे लागले, चाकं फिरतच. शेवटची युक्ती तर कहर होती. ड्रायव्हरचं दार उघडं ठेवून स्टिअरिंग डावीकडं तीनदा, उजवीकडं तीनदा फिरवायचं. लिंबू-मिरची तेवढी राहिली होती.

"डॉक्टर, असलं मंतर मारून कुठं गाडी सुदरती व्हय?" आप्पा बाह्या वर करत म्हणाले. "पुढचा शाफ्ट काढतो. झाली मागच्या चाकावर. हयातभर हेच केलंय."

आणि ते गाडीखाली सरकले.

माझे पाय ठरेनात. शटर ते माठ, माठ ते शटर. कारण मला शंका आली होती. मी मोबाईलवर त्या गाडीची माहिती काढली आणि बसच्या तिकिटामागं पेन्सिलीनं रेघोट्या मारून बघितल्या. जीपमध्ये पुढची ताकद लिव्हरनं जोडायची नाहीतर तोडायची, मागची मागं ठाम असते. या गाडीत मधोमध एक पेटी असते, ती ताकद दोन्हीकडं वाटते, आणि जिकडं अडवणारं कुणी नाही तिकडं सगळी जाऊ देते. पाटाचा एका बाजूचा बांध फुटला की सगळं पाणी तिकडंच धावतं ना, तसं. पुढचा शाफ्ट काढला की पुढचं तोंड मोकळं. गाडी मागच्या चाकांवर चालणार नव्हती. ती चालणारच नव्हती.

"काय लिवतीस गं?" गाडीखालून आवाज आला.

"काय न्हाय आप्पा. बाजाराची यादी."

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एकदा गिऱ्हाइकांसमोर आप्पांची चूक काढली होती. बरोबरच काढली होती. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. आईला मध्ये घालून मीठ मागायचे. तेव्हापासून मी गॅरेजात तोंड उघडत नव्हते. याला मी मान ठेवणं म्हणत आले. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी आत कुठंतरी मी हेही म्हणत होते, बघू दे की एकदा त्यांचं त्यांना. याची मला आज लाज वाटते.

शाफ्ट निघाला. आप्पांनी सवयीनं तो पोत्यात गुंडाळला, भिंतीला लावला आणि वर खडूनं लिहिलं: बेळगाव. गाडी खाली उतरवली. स्वतः आत बसले, डॉक्टरला शेजारी बसवलं आणि गिअर टाकला.

इंजिन ओरडलं. गाडी जागची हलली नाही. आप्पांनी आणखी जोर दिला. मी "थांबा" म्हणाले, पण इतक्या हळू की माझं मलाच ऐकू आलं नसेल. त्यांना वाटलं क्लच घसरतोय. तिसऱ्यांदा जोर दिला तेव्हा गाडीखालून करपल्याचा वास आला आणि थोडा धूर.

शाफ्ट त्यांनीच परत बसवला. एक बोल्ट दोनदा खाली पडला. मधली पेटी मात्र आतून गेली होती; गाडी दुसऱ्या गाडीवर चढवून कोल्हापूरला न्यावी लागली. डॉक्टर भला माणूस. "असू दे आप्पा, माझीच हौस," म्हणाला आणि वाकून पाया पडला. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

मी झाडू मारायला घेतला. काहीतरी करायला हवंच होतं. झाडताना पर्समधून मोबाईल काढला आणि ते तिकीट खाली पडलं. आप्पांनी उचललं. त्यांना इंग्रजी येत नाही, पण चित्र वाचायला भाषा लागत नाही. चांगल्या डोळ्याजवळ धरून ते बराच वेळ बघत राहिले. मधली पेटी, पुढचं मोकळं तोंड, तिकडं जाणारा बाण.

"हे कवा काढलंस?"

खोटं बोलता आलं असतं. "तुम्ही गाडीखाली हुता तवा," मी म्हणाले.

"मग सांगाया तोंड न्हवतं?"

एवढंच. ओरडले नाहीत. मीठ मागायला आईही आता नव्हती. तिकीट त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं आणि ओल्या फडक्यानं भिंतीवरचं 'बेळगाव' पुसलं.

आठ दिवसांचा अबोला मी आनंदानं सोसला असता. पण ते बोलायला लागले. सोमवारीच फोन आला: नळाचा वायसर बदलायचाय, रबराचा घालू का कातड्याचा? मग पंख्याचा आवाज. मग शेजाऱ्याच्या सायकलची चेन. खंडेनवमीला सगळे पाने पाटावर मांडून पूजा करायची आमची पद्धत, यंदा त्यांनी फोन करून विचारलं, "मांडू व्हय गं?" त्यांनी मला एकदा तरी काही विचारावं म्हणून मी किती वर्षं झुरले होते. आता कारखान्यात, बसमध्ये, जेवताना, कुठंही फोन वाजला की उचलायच्या आधी मी दोन रिंगा जाऊ देते.

काल दुपारी मी ड्रॉइंगपुढं बसले होते. फोन वाजला.

"स्कूटरचा प्लग काढतोय. उलटाच फिरवायचा न्हवं?"

हजारो प्लग काढलेला माणूस. टोमणा होता की खरंच विचारत होते, मला कळलं नाही. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. पलीकडं ते वाट बघत होते, हातात पाना धरून.

"व्हय आप्पा," मी म्हणाले. "उलटाच."