वहिनीनं आरती धरली तेव्हा

मंडळी, आत्ताच दिघोरीच्या मंदिरातून आले.

आमच्याकडे दर शनिवारी गावातलंच कुणीतरी पुढे बसून प्रार्थना सांगतं. आज पाळी माझ्या वहिनीची होती. भाऊ मागच्या वर्षी वारला.

तिनं आरतीचं ताट उचललं, तसे शेजारचे काका ताडकन उठले. "विधवेच्या हातानं आरती? ठेव ते ताट!"

वहिनीनं ताट तसंच धरून ठेवलं. "काहून ठेवू, काका? देव तर काही म्हणून नाही राहिला, तुम्हीच म्हणून राहिले." आणि तिनं आरती म्हणायला सुरुवात केली.

काका तरातरा निघून गेले. काकू मात्र बसूनच राहिल्या. वहिनीच्या मागे पहिला आवाज त्यांचाच उठला.

आता त्या घरी पोचल्या असतील, चिडलेल्या काकांसमोर. मी निघालेय त्यांच्याकडे. तुम्ही गेला असता का?