मदत कक्षातली इस्त्री

विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत विद्यार्थी मदत कक्ष होता. तिथे ताईला वर्षभराची इंटर्नशिप मिळाली, तेव्हा शेजारणीने तिच्या आईला विचारलं, मुलगी नेमकं काय काम करते? आई गल्लीच्या तोंडाशी कपडे इस्त्री करून द्यायची. हातातली इस्त्री न थांबवता ती म्हणाली, "पोरांना धरून ठेवते."

याहून नेमकं वर्णन विद्यापीठाच्या पत्रकातही नव्हतं. हातावर पोट असलेल्या घरांतली, घराण्यात पहिल्यांदाच विद्यापीठाची पायरी चढलेली मुलं पहिल्या वर्षातच गळतात. ती गळू नयेत म्हणून त्यांचं हवं-नको बघायचं, अडलेलं सोडवायचं, हे ताईचं काम. ती स्वतः अशाच घरातली, आता एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. हे काम म्हणजे आपल्या हातचा मळ, असं तिला वाटलं होतं.

पण मुलं येईचनात. तिने एकेकाला गोड शब्दांत निरोप पाठवले, की कक्षात येऊन भेटून जा. निरोप मिळालेली मुलं जिना उतरताना त्या दाराकडे बघायचीसुद्धा नाहीत. एक जण तेवढा दारापर्यंत आला आणि "मी काही केलेलं नाही" एवढं सांगून निघून गेला. तेव्हा ताईच्या डोक्यात प्रकाश पडला. या मुलांच्या घरी आजवर शाळेतून बोलावणं यायचं ते तक्रारीचंच. ऑफिसात बोलावलं म्हणजे काहीतरी चुकलं, हे ती दुधाच्या दातांपासून शिकलेली.

सुट्टीच्या दिवशी तिने आईपुढे हे रडगाणं गायलं. आई म्हणाली, माझ्याकडे तरी कोण बोलायला येतं? लोक कपडे घेऊन येतात, आणि कपडे होईपर्यंत उभे राहतात. उभा राहिलेला माणूस गप्प किती वेळ राहणार?

वसतिगृहात इस्त्री वापरायला बंदी होती. ताईने आईची जुनी इस्त्री मागितली. "एवढं शिकून शेवटी इस्त्रीच ना?" असा टोमणा मारून आईने ती दिली, वर टेबलावर अंथरायला घट्ट विणीची चादरही दिली.

कक्षाच्या प्रमुख मॅडम शिस्तीच्या. हा मदत कक्ष आहे की लॉन्ड्री, असं त्यांनी विचारलंच. मग आग विझवायचं लाल नळकांडं टेबलाशेजारी ठेवण्याच्या अटीवर त्यांनी सत्र संपेपर्यंत परवानगी दिली. सत्र संपलं, पण त्यांनी विषय काढला नाही. तोवर त्यांचंही एक जाकीट त्या टेबलावरून जाऊन आलं होतं.

मुलं येऊ लागली. कुणाला वर्गापुढे उभं राहून बोलायचं असायचं, कुणाची दुकानात अर्धवेळ कामासाठी मुलाखत असायची. इस्त्री ज्याची त्याने करायची. हात चालू आणि नजर खाली असली की जीभ आपोआप सैल होते. एकाला वर्गातलं काहीच कळत नव्हतं आणि इतर सगळ्यांना कळतं असं वाटत होतं. दुसऱ्यालाही नेमकं तेच वाटत होतं. ताईने त्या दोघांना एकाच वेळी शर्ट घेऊन बोलावलं, आणि काम झालं. उपदेश ती करायची नाही. तिचा एकच धडा ठरलेला: कॉलर आधी उलट्या बाजूने. मुलं तिला इस्त्रीताई म्हणू लागली.

या मुलांत एक चावी होती. तिचे वडील रस्त्याकडेला बसून कुलपं दुरुस्त करायचे, किल्ल्या बनवून द्यायचे. म्हणून हे नाव, आणि ते तिचं तिनेच ठेवलेलं. पोरगी पहिल्या वर्षाची, तोंडाची फटाकडी. एक शर्ट घेऊन यायची आणि चार जणांना हसवून जायची.

एका दुपारी ती मोठी पिशवी घेऊन आली. शर्ट झाले, पँटी झाल्या, ओढण्या झाल्या. तोंडातून शब्द नाही. ताई आपली घड्या घालून देत होती. मग चावीने पिशवीतून उशीचा अभ्रा काढला आणि ताईचा हात थांबला. ताईचं बालपण आईच्या इस्त्रीच्या टेबलाखाली गेलं होतं. एक शर्ट आला की त्या माणसाला सकाळी कुठेतरी जायचं असतं. सगळेच कपडे आले की तो माणूस चाललेला असतो.

"कधीची बस आहे?" ताईने विचारलं.

चावीने मान वर केली नाही. "संध्याकाळची. तुला कोणी सांगितलं?"

"अभ्र्याने."

चावी हसायला गेली आणि तिला रडूच फुटलं. संख्याशास्त्रात ती नापास झाली होती. जा असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. पण त्यांच्या घरात नापास म्हणजे संपलं. मोठा भाऊ नापास झाला, तो दुसऱ्या दिवसापासून वडिलांशेजारी किल्ल्या घासायला कानस घेऊन बसला होता. कुणी काढण्याआधी आपणच निघावं, असं तिने ठरवलं होतं. मग इस्त्री कशाला, असं ताईने विचारलं.

"गल्ली बघते ना, ताई. बाबांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय, पोरगी विद्यापीठात शिकते म्हणून. हरून गेले तरी चुरगळलेली दिसायला नको."

ताईने नियम सांगितले. फेरपरीक्षा असते, शिकवणीची सोय कक्षच करतो, पैसे पडत नाहीत. चावी मान डोलवत राहिली आणि इस्त्री करत राहिली. पालथ्या घड्यावर पाणी. अभ्राही झाला, आता चादर तेवढी उरली होती.

मग ताईने चादरीचं दुसरं टोक धरलं आणि आपलं सांगितलं. पहिल्या वर्षी, याच विषयात, तीही आपटली होती. टेबलाशी उभी राहून तिने आईला सांगितलं, तेव्हा आईने एवढंच विचारलं होतं, की पुन्हा बसता येतं का?

"मी म्हटलं, येतं. तर म्हणाली, मग रडतेस कशाला? माझ्या हातून शर्ट जळाला तर गिऱ्हाईक दुसरा आणून म्हणतं का, घे, पुन्हा करून बघ?"

चावीने इस्त्री उभी करून ठेवली. "बाबांना काय सांगू?"

"झालं तेच सांग. मी आहे इथे."

फोन लागला तेव्हा पलीकडे कानस घासल्याचा आवाज येत होता. चावीने एका दमात सगळं सांगितलं. कानस थांबली. पुन्हा परीक्षा कधी, ते वडिलांनी विचारलं. फी मागतात का, तेही. मग घसा खाकरून म्हणाले, "तर मग आता येऊ नकोस. तुझ्या खाटेवर मामा झोपतोय. जागा नाही."

फोन ठेवून चावी खुर्चीत बसली. डोळे पुसले, तरी ओठ हसत होते.

"मामा तर परवाच त्याच्या गावी परत गेला," ती म्हणाली.

पिशवी पुन्हा भरली गेली, पण वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यासाठी. एक बंद ताईने धरला, दुसरा चावीने. पुढे कक्षात संध्याकाळची शिकवणी सुरू झाली आणि तिथे सगळ्यात जास्त शंका चावीच्याच असायच्या.

फेरपरीक्षेच्या आदल्या दिवशी ती आली. ताईने लक्ष नसल्यासारखं करत तिच्या हाताकडे पाहिलं. एकच शर्ट होता. चावीने तो टेबलावर पसरला आणि बडबडीच्या नादात कॉलर सरळ सुलट्या बाजूनेच करायला घेतली. ताईचं तोंड उघडलं होतं. ते तिने मिटलं, आणि ऐकत राहिली.