टाकी भरून आली होती

पंचफुलाबाईनं माझं भाषण एकदा मधेच तोडलं होतं. सुलतानपूरच्या बाजारात आमची गायरानाच्या जमिनीसाठी सभा होती. लाईट गेलेली, म्हणून तिचा जनरेटर भाड्यानं आणला होता. मी रंगात आलो होतो, समोरची माणसं पुढं सरकून बसली होती, आणि "आता तहसीलवर" एवढं म्हणतो न म्हणतो तोच भोंगा मुका झाला. मी स्टेजवरून उतरलो ते भांडायलाच. ही बाई हातगाडीजवळ उकिडवी बसून मशीन गार व्हायची वाट बघत होती.

"मशीन काऊन बंद केली?"

"म्या कुठी बंद केली? पेट्रोलचा कॉक बंद केला. मंग ती आपली आपण बंद झाली." तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. "तुमी शेवटचं सांगतो म्हणले ना भाऊ? मले वाटलं, संपलं."

शेवटचं म्हणजे लगेच शेवट नसतो, असं मी तिला सांगितलं. तर म्हणाली, ते तुमचं तुम्हाला माहीत, माझ्या मशीनच्या पोटात पेट्रोल ठेवून मी तिला घरी नेत नाही. लोक हसले. मी नाही हसलो. स्वतःच्या फजितीवर हसायला मला वेळ लागतो.

पुढं मात्र माझी एकही सभा तिच्या मशीनशिवाय झाली नाही. लोणार, मेहकर, साखरखेर्डा, जिथं पोलीस लाईट तोडतील अशी भीती, तिथं पंचफुलाबाई. दहा मशीनवाले पाहिले मी. सभेच्या ऐन वेळी दोरी ओढून ओढून खांदा उतरवणारे, चोक कुठला नि कॉक कुठला हे न कळणारे. हिची मशीन दुसऱ्या ओढीला धरायची.

मशीन मुळात नवऱ्याची. देवानंद त्याचं नाव. दिवसा खडी क्रशरवर, रात्री गायन पार्टीत ढोलकीवर. पार्टीच्या माईकसाठी त्यानं जुना जनरेटर घेतला आणि त्याच महिन्यात बंद पाडला. मिस्त्रीनं खोलला तेव्हा पंचफुला शेजारी बसून सगळं बघत होती. आत डिंकासारखं काहीतरी चिकटलेलं. मिस्त्री म्हणाला, पेट्रोल सडलं. तिनं त्या दिवशी पेट्रोल सडतं हे पहिल्यांदा ऐकलं, आणि ते तिच्या डोक्यात कायमचं बसलं.

"पेट्रोल म्हंजे दूध व्हय भाऊ," मला ती सांगायची. "वरून पाह्यलं तं जसंच्या तसं. आतून नासते."

म्हणून मशीन ठेवायची तर टाकी रिकामी करून, कॉक बंद करून, आतलं उरलंसुरलं जळू देऊन. घरातला कॅन लहान, गळ्यापर्यंत भरलेला, झाकण घट्ट, हंड्यामागच्या सावलीत. अर्धा भरलेला कॅन म्हणजे अर्धा वारा, आणि वाऱ्यानं पेट्रोल लवकर म्हातारं होतं. कॅन जुना व्हायच्या आत गल्लीतल्या कुणाच्या तरी गाडीत ओतायचा आणि त्यानं पंपावरून ताजं आणून द्यायचं, असा गल्लीचा रिवाजच तिनं पाडला होता. हवेच्या फिल्टरचा स्पंज निरम्यात धुवून सावलीत वाळवायचा. आणि दर पौर्णिमेला, विहारात वंदना झाली की, घरी येऊन मशीन चालू करायची, तीही मोकळी नाही. मिक्सर लावून महिन्याचा मसाला त्याच दिवशी वाटायची. गल्लीतल्या म्हाताऱ्या कॅलेंडर पाहत नसत. मशीन गुरगुरली की म्हणायच्या, आज पौर्णिमा.

मग देवानंद खोकायला लागला.

आधी टीबी म्हणून औषधं झाली. बरीच झाली. नंतर एका डॉक्टरनं फोटो उजेडाला धरून सांगितलं, हा टीबी नाही, हे दगडाचं पीठ आहे, छातीत बसलेलं, आता निघत नाही. क्रशरचा मालक म्हणाला, हा माणूस आमच्याकडं कामालाच नव्हता. ज्याच्या भुवयासुद्धा खडीच्या भुकटीनं पांढऱ्या झालेल्या गावानं पाहिल्या, तो कामाला नव्हता. मी निवेदनं दिली, धरणं दिलं, मालकाच्या फाटकावर जाऊन तोंड सोडलं, त्याबद्दल एक रात्र कोठडीत काढली. क्रशर पुढं बंद पडलं, पण ते आपल्याच मरणानं पडलं, माझ्या आंदोलनानं नाही. देवानंदच्या हाती आलं ते एका संस्थेनं दिलेलं ऑक्सिजनचं यंत्र. खाटेशेजारी ठेवायचं, नळी नाकाला. हवेतूनच ऑक्सिजन गाळून देतं. फक्त त्याला लाईट लागते.

आणि लाईट आपल्याकडं कशी असते, ते वाचणाऱ्याला मी सांगायला नको.

त्या दिवसापासून पंचफुलाबाईनं मशीन भाड्यानं देणं बंद केलं. माझ्या सभेलासुद्धा नाही. मी रागावलो नाही, आणि रागावलो असतो तर तिनं मला दारात उभं केलं नसतं. मशीनला आता एकच काम. लाईट जाताच देवानंदचे ओठ निळे पडायच्या आत चालू व्हायचं. तिनं ती दाराबाहेर पत्र्याखाली मांडली, धुराचं तोंड रस्त्याकडं. घरात ठेवली तर धूर माणसाला झोपेतच नेतो, हे तिला माहीत होतं. तिथून वायर आत खाटेपर्यंत. बाहेर मशीन, आत माणूस, मधे उघडं दार. शेतावरची मजुरी सोडून ती दारात बसून गोधड्या शिवायला लागली.

असं दीड-दोन वर्षं चाललं. एकदाही मशीननं दगा दिला नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी चौदा एप्रिलला मिरवणूक गल्लीच्या तोंडाशी आली आणि मंडळाचा मोठा जनरेटर धाडकन बंद पडला. बाबासाहेबांच्या फोटोवरची रोषणाई गेली, माईक गेला. मंडळाचा अध्यक्ष प्रसेनजित, मंडप-डेकोरेशनचं काम करणारा, दोन लेकरांचा बाप, पळत पंचफुलाबाईच्या दारी आला. त्याच्या हाताला ढोलकी देवानंदनं शिकवली होती.

ती नाही म्हणाली. साफ नाही. प्रसेनजित मान खाली घालून उभा राहिला. तेव्हा खाटेवरून आवाज आला.

"दे वं."

"लाईट गेली तं?"

"सिलेंडर हाये ना तो लहान. घंटाभर पुरते." नळी सरळ करून त्यानं दम घेतला. "बाबासाहेब अंधारात उभे हायेत अन् तू मशीन झाकून बसली. मी असा श्वास घेऊन काय करू?"

तिनं वायर सोडवली. गेली मशीन. मिरवणूक पुन्हा उजळली आणि देवानंदच्या दारासमोर येऊन मुद्दाम थांबली. पोरांनी ढोलकी खाली ठेवली नाही. देवानंद खाटेच्या लोखंडी दांडीवर चमच्यानं ठेका धरून त्यांना साथ देत होता. पंचफुलाबाई सांगते, किती तरी दिवसांनी त्याच्या तोंडावर रंग आला होता.

मिरवणूक संपल्यावर चार जणांनी मशीन उचलून आणली, जागेवर ठेवली, हात जोडले. टाकी काठोकाठ भरलेली.

आपल्याकडं शेजारणीनं वाटीभर साखर नेली तरी वाटी रिकामी परत येत नाही. दोन कैऱ्या तरी येतात, नाहीतर भाजीची जुडी. रिकामं भांडं परत धाडणं म्हणजे घराचा अपमान. पोरांनी तेच केलं. देवानंद खाटेवरून म्हणाला, "पाह्य. रिकामी नाही धाडली त्याईनं."

रोजच्या शिस्तीनं तिनं ते पेट्रोल काढून घरचं ताजं भरायला हवं होतं. नळी तिच्या हातात होती. पण लोकांनी मानानं भरून दिलेली टाकी, तीही जयंतीच्या दिवशी, नवऱ्यादेखत उपसायची म्हणजे आलेलं ताट ओतून देण्यासारखं. तिनं झाकण उघडूनसुद्धा पाहिलं नाही. नळी खुंटीला टांगली.

पुढच्या पौर्णिमेला मशीन चालवून पाहिली असती तर कळलं असतं. मधल्या दिवसांत नेमकी लाईटही गेली नाही. पौर्णिमा यायची होती, त्याआधी वादळ आलं.

भर दुपारी आलं. पत्रे उडाले, मेहकर रस्त्यावर कडुलिंबं आडवी पडली, खांब वाकले. लाईट गेली. पंचफुलाबाई सवयीनं उठली, कॉक उघडला, चोक ओढला, दोरी ओढली. मशीन खोकली. पुन्हा ओढली. पुन्हा खोकली आणि बसली. तिसऱ्या ओढीला तिला काय ते कळलं, कारण तिसऱ्या ओढीची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. टाकीचं झाकण काढलं तर पेट्रोलचा वास नाही. वार्निशचा वास.

तिनं आत जाऊन देवानंदला सिलेंडर लावला. शेजारच्यांनी दवाखान्याची गाडी बोलावली, पण झाडं तोडल्याशिवाय गाडी येणार नव्हती. मग ती पाने-पक्कड घेऊन पत्र्याखाली बसली. टाकी उपसली, कार्ब्युरेटर खोलला. खालच्या वाटीत पिवळा चिकटा आणि पाण्याचे थेंब. पेट्रोल जायचं बारीक भोक बुजलेलं. वायरची एक तार सोलून तिनं भोक मोकळं करायला घेतलं. पाऊस आडवा येत होता. शेजारची वच्छलाबाई तिच्यावर ताडपत्री धरून उभी होती.

सिलेंडर संपला तसा देवानंदनं चमचा उचलला. बोलायला दम नव्हता. तो दांडीवर ठेका देऊ लागला. सावकाश, पण सारखा. ती बाहेरून समजली, हा मला सांगतोय, मी आहे, तू काम कर.

"म्या मान वर करूनबी पाह्यलं नाही भाऊ," तिनं मला नंतर सांगितलं. "ठेका येत होता तवर हात चालत होते."

भोक उघडलं. वाटी पुसून बसवली, हंड्यामागचा कॅन ओतला, कॉक उघडला. पहिली ओढ वाया गेली. दुसऱ्या ओढीला मशीन धरली आणि एकदम मोठ्यानं गुरगुरली. आत यंत्राचा हिरवा दिवा लागलेला तिला दारातून दिसला.

"अन् ठेका ऐकू येईना. म्या म्हणलं, मशीनच्या आवाजानं येत नसन."

तिनं हात पुसले. मशीनवर ताडपत्री नीट केली, पाणी जाऊ नये म्हणून. मग आत गेली. चमचा खाटेखाली पडलेला होता. नळीतून ऑक्सिजन येत होता.

मी दुसऱ्या दिवशी पोहोचलो तोवर माती झाली होती. तिनं मला टाकीतून उपसलेलं पेट्रोल दाखवलं, बाटलीत भरून ठेवलेलं. चहाच्या रंगाचं. मला सगळं उमगलं. आदल्या वर्षीच्या जयंतीत उरलेला अर्धा कॅन मी मंडळाच्या टिनाच्या खोलीत पाहिला होता, सैल झाकणाचा, वर्षभर उन्हात आणि ओलीत पडलेला. तोच ओतला होता पोरांनी. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, आत्ता जातो प्रसेनजितकडं, त्याला हे पाजतो.

"बसा," ती म्हणाली.

"बाई, माणूस गेला."

"माह्या गेला. मले मालूम हाये." तिनं बाटली माझ्या हातातून काढून घेतली. "कोणाचं वाईट करायले नव्हतं आणलं त्याईनं. तिरडीले पह्यला खांदा त्याचाच होता. त्याले सांगून तुमाले काय भेटन? अजून एक माणूस खाटेवर पडन."

मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो, गुन्हेगार शोधा, त्याचं नाव घ्या, चौकात घ्या. त्या दिवशी गुन्हेगार सापडत नव्हता. क्रशरवाला होता, पण तो केव्हाच हात झटकून मोकळा झालेला. उरलं होतं ते चांगुलपणानं भरलेलं वर्षापूर्वीचं पेट्रोल. त्याच्याविरुद्ध घोषणा कशी द्यायची, मला येत नाही. मी अंगणात बसून राहिलो. कुणी चहा दिला, तो प्यालो.

मशीन तिनं विकली नाही. संस्थेचं यंत्र परत गेलं, खाट आत उभी करून ठेवली. पौर्णिमेची गुरगुर मात्र काही महिने ऐकू आली नाही. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना पौर्णिमा कोणती ते विचारावं लागे. मग एका पौर्णिमेला ती पुन्हा सुरू झाली. मिक्सर लावला नव्हता. एका माणसाला मसाला किती लागणार? एक बल्ब लावून ती समोर बसली होती.

यंदाच्या जयंतीआधी प्रसेनजित आला. मी तिथंच होतो. मोठा जनरेटर ठरवलाय, म्हणाला, पण अडीअडचणीला मामी तुमची मशीन द्याल का? त्यानं विचारताना खाटेकडं पाहायचं टाळलं.

"ने," ती म्हणाली. "पण परत आणतांना रिकामी धाडजा."

तो हसला. "असं कसं मामी? तुमच्या घरी रिकामी?"

"रिकामीच धाडजा बाबू. कॉक बंद करजा, सारं जळू देजा. पेट्रोल जुनं झालं का मशीन धरत नाही."

तो "हाव" म्हणाला आणि वळला. चार पावलं गेला असेल. मग थांबला. टिनाच्या खोलीतला तो कॅन त्याला आठवला असावा, कारण तो तसाच परत आला आणि उंबऱ्यावर बसला. कोणतं पेट्रोल, कधीचं, काही विचारलं नाही. उभ्या केलेल्या खाटेची लोखंडी दांडी दिसत होती, तिच्याकडं बघत राहिला. पंचफुलाबाईनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. ह्या वेळी मी तोंड उघडलं नाही.

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी मशीन आली. एकट्यानं हातगाडीवर ढकलत आणली त्यानं. टाकी कोरडी, कॉक बंद, फिल्टर धुतलेला. आणि मशीनवर फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा, खिरीचा.

तिनं डबा घेतला. खीर गल्लीत वाटली, वाटीभर खाटेजवळ ठेवली. डबा घासून फळीवर उपडा घातला.

परवा गेलो तर डबा अजून तिथंच. प्रसेनजितच्या बायकोला तो लागत असेल, धाडून द्या ना, मी म्हटलं.

"धाडायचा हाये," ती म्हणाली. "पण रिकामा कसा धाडू? अन् भरू काय, ते मले समजून नाही राह्यलं."