कुंदाताईंचं हैदराबाद

कुंदाताई कुठेही जायचं असलं की दोन तास आधी तयार होऊन बसत. केसांत गजरा, पायात चपला, पर्स मांडीवर. "गाडी थांबते काय आपल्यासाठी?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर, मग जायचं शेजारच्या गल्लीत का असेना.

नागपूरच्या महाल भागातल्या एका लग्नपत्रिकांच्या छापखान्यात आम्ही एकत्र कामाला होतो. मी आणि रश्मी कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवायचो, कुंदाताई प्रुफं तपासायच्या. पन्नाशीला आलेल्या, लग्न न झालेल्या, नंदनवन वस्तीत एका खोलीत एकट्या राहणाऱ्या. निमंत्रकांच्या यादीत एखादा काका राहिलासा वाटला, की गिऱ्हाइकाच्या घरी फोन लावून विचारत. "एक नाव सुटलं तर माणूस जन्मभर मनात धरते," म्हणत.

माझं लग्न ठरलं तेव्हा रश्मीने हैदराबादची टूम काढली. दोन दिवस, फक्त मैत्रिणी: ती, मी आणि माझी मावसबहीण. हे बोलणं कुंदाताईंसमोरच चाललं होतं, म्हणून रश्मी बोलायचं म्हणून बोलून गेली, "ताई, तुम्ही पण चला." अशा वेळी समोरच्याने "नको गं, तुम्ही जा" म्हणायचं असतं. कुंदाताईंनी त्याच दुपारी मालकांकडे रजा मागितली. "केळवणच होय ना वं हे? मंग मी कशी नाही येणार?"

हॉटेलात आम्ही तिघी एका खोलीत राहिलो. ताईंना शेजारची खोली दिली, "तुम्हाला शांत झोप लागेल" असं सांगून. पोहोचल्यावर आम्ही बाहेर पडायला नटत होतो, तोच त्यांनी हाक मारली. त्यांच्या खोलीत फरशीवर रांगोळी काढलेली, पाट म्हणून खुर्चीची गादी, ताटात नागपूरहून करून आणलेल्या कोथिंबिरीच्या सांबारवड्या आणि शेजारी हिरवी साडी. मी जीन्स घालून मांडी घालून बसले. "इथं तुह्या माहेरची मीच हाय," म्हणत त्यांनी कुंकू लावलं. दारात रश्मी तोंडावर हात धरून हसत होती. मीही हसले. माझ्या हसण्याचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो.

दुसऱ्या दिवशी चारमिनार पाहायचा होता. "ताई, अकराला निघू," असं मीच त्यांना सांगितलं आणि आम्ही आठलाच निघून गेलो. भरपूर हिंडलो, बांगड्या घेतल्या, बिर्याणी खाल्ली. तीनला परतलो तेव्हा त्या खालच्या सोफ्यावर बसल्या होत्या. गजरा सुकायला आला होता. नऊपासून बसल्या आहेत, असं काउंटरवरच्या माणसाने सांगितलं.

"ताई, तुमचा फोन लागत नव्हता," रश्मी म्हणाली. फोन त्यांच्या हातातच होता.

त्यांनी तो पर्समध्ये टाकला. "जेवल्या काय पोरीहो?"

त्या जेवल्या नव्हत्या.

सोमवारी मी छापखान्यात शिरले, तर त्या एका ओळखीच्या बाईंना आम्ही ग्रुपवर टाकलेले फोटो दाखवत होत्या. "चारमिनारच्या पायऱ्या लय अरुंद हायेत. ह्या पोरी भराभर चढल्या, मी आपली मागून. वर इतका वारा, का हिची ओढणी उडून राहिली होती."

"तुम्ही दिसत नाही एकाही फोटोत?" बाईंनी विचारलं.

"फोटो मीच काढून राहिली होती ना," कुंदाताई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "नाही काय वं?"

"हो ताई," मी म्हणाले.

पुढे त्या भिवापूरला भावाकडे राहायला गेल्या आणि मी लग्न होऊन पुण्याला आले. इथे दिवसभर फ्लॅटमध्ये मी एकटी असते. आपण बोलावलेले नाही आहोत, हे कळूनही तयार होऊन बसणं काय असतं, ते आता थोडं कळतं. फोनवर त्या अजून म्हणतात, "आपण चारमिनारवर गेलो होतो, आठवते ना?" माफी मागायचं दर वेळी ओठांवर येतं. पण ती मागितली, तर त्या तिथे नव्हत्या हे मला मोठ्याने म्हणावं लागेल. मी म्हणते, "आठवतं ताई. किती वारा होता."