झिजलेली ऐंशी म्हणजे एकशेवीस

तिसऱ्यांदा पॉलिश दिलं आणि तिसऱ्यांदा टेबलावर तीच वेटोळी उमटली. जिलेबीच्या आतल्या वेढ्याएवढे बारीक ओरखडे. कच्च्या लाकडावर ते दिसत नाहीत, पॉलिश लागलं की डोळ्यांत भरतात.

दत्तूमामा म्हणजे आमच्या इस्लामपूरच्या फर्निचर वर्कशॉपचे हेडमिस्त्री. मी तिथली सुपरवायझर. मामांनी वाकून टॉर्च मारला आणि निकाल दिला, "ताई, लाकूडच तसलं हाय."

"मामा, रंधा मारला तेव्हा लाकूड साफ होतं."

"मग पॉलिश खराब आलंय."

मामांच्या हातून काही चुकलं, असं आजवर घडलेलं नाही. चुकतं ते लाकूड, पॉलिश, नाहीतर हवा.

टेबल पाटणकडच्या एका रिटायर्ड सुभेदारांचं. त्यांच्या आईने बांधावर लावलेल्या सागाचं. म्हातारीने उतारवयात लिहायला शिकून घेतलं होतं. टेबलाच्या कोपऱ्यात तिने पेन्सिलीने आपलं नाव लिहिलं होतं, गंगूबाई, आणि मामांनी त्यावरून पटाशी फिरवून ते कोरलं होतं. कोरीव काम उथळ. दर घासणीला नाव पुसट होत होतं. आणखी दोनदा मशीन फिरलं असतं तर ते गेलंच असतं, आणि बांधावर झाड एकच होतं. रविवारी सुभेदारांच्या घरची वास्तुशांत.

घासायला आम्ही सँडर वापरतो. त्याच्या तळाला मोठ्या पुरीएवढी वाळूकागदाची गोल डिस्क चिकटवतात. डिस्कच्या पाठीवर नंबर असतो. नंबर लहान तेवढी डिस्क खरखरीत. सुरुवात ऐंशीने करायची, मग एकशेवीस, एकशेऐंशी, दोनशेचाळीस. प्रत्येक नंबर आधीच्याचे ओरखडे पुसतो. मधला नंबर दगा देऊ लागला की पुढच्याचं काही चालत नाही.

मी सँडरचा पॅड, म्हणजे डिस्क चिकटते ती गादी, तपासला. ठीक होता. मग टेबल उलटं करायला लावलं. खालच्या बाजूला एका ठिकाणी नव्या पाकिटातल्या डिस्कने घासलं, शेजारी रोजच्या डिस्कने, आणि दोन्हींवर पॉलिशचा बोळा फिरवला. नवीवाली जागा आरशासारखी. रोजच्यावर जिलेब्या.

रोजच्या डिस्क भिंतीवर एकाखाली एक ठोकलेल्या खिळ्यांना अडकवलेल्या असतात, एका नंबरला एक खिळा. एकशेवीसच्या खिळ्यावरची चळत काढून मी पाठी वाचल्या.

"मामा, इथे ऐंशी कशाला?"

"झिजल्यात त्या. झिजलेली ऐंशी म्हंजी एकशेवीसच की."

"आणि एकशेऐंशीच्या खिळ्यावर?"

"त्या एकशेवीस हायत. झिजलेल्या."

म्हणजे आमच्याकडे डिस्कला सेवाज्येष्ठतेने बढती मिळत होती! एवढ्या टेन्शनमध्येही मला हसू फुटलं.

झिजलेल्या डिस्कचे बरेच कण बोथट होतात, पण एखादा ताठ उभा राहतो आणि तोच ओरखडा काढतो. शिवाय वरच्या खिळ्यावरच्या खरखरीत डिस्कचे कण खालच्या बारीक डिस्कवर सांडतात. मी हे मामांना सांगितलं. मग टेबल सरळ करून त्यांनी कोपऱ्यातल्या नावावर अंगठा फिरवला.

"मीच कोरलं, अन् मीच पुसत हुतो व्हय," ते म्हणाले. "ताई, हितं मशीन नगं. हातानं करतो."

बाकीच्या टेबलावर मी नव्या डिस्कने मशीन फिरवलं. मामांनी लाकडी ठोकळ्याला नवा कागद गुंडाळला आणि नावाभोवती लाकडाच्या रेषेच्या दिशेने, जपून जपून घासलं. पॉलिश दिल्यावर आम्ही दोघांनी टॉर्च मारला. टेबलावर एकही वेटोळं नव्हतं. इतका आनंद मला पगारवाढीलाही झाला नव्हता.

पॉलिश वाळेपर्यंत मी एक डिस्क पर्समध्ये टाकून भांड्यांच्या दुकानात गेले.

"चपातीचं माप आणलंय व्हय?" दुकानदाराने विचारलं.

"तसंच समजा."

चार पुडांच्या स्टीलच्या जेवणाच्या डब्यात डिस्क बरोबर बसली. खरखरीत तळाला, बारीक वरती, म्हणजे वरून खाली सांडलं तरी बिघडत नाही. झाकण असल्यामुळे पावसाळ्यात डिस्क वळतही नाहीत. पहिल्याच दिवशी मामांनी जेवायला चुकून तोच डबा उघडला आणि आतली दोनशेचाळीस बघून म्हणाले, "आज भाकरी लयच बारीक दळल्यात."

शनिवारी सुभेदार टेम्पो घेऊन आले. बरोबर आईही होती. तिने टेबलावरून हात फिरवला आणि कोपऱ्याशी थांबून एकेक अक्षर बोटाने वाचलं.

"जरा वाकडं आलंय," ती म्हणाली.

"आये, तुजंच अक्षर हाय ते."

"व्हय रं. म्हणून तर वळीखलं."

मामा एकदम पाठ फिरवून दोऱ्या शोधायला लागले. दोऱ्या त्यांच्या खांद्यावरच होत्या.

या सगळ्यातून मी एवढंच शिकले, की वर्कशॉपमध्ये काटकसर करायचीच असेल तर ती चहात करावी, डिस्कमध्ये नाही. मामांच्या मते चहातही नको.